पाणचक्की : एका जुन्या दळणाची हकीकत



आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासविषयक लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त शिक्षक. संशोधनाचा अधिकार माझ्याकडे नाही. तथापि तीस-बत्तीस वर्षे पालघर-बोईसर-तारापूरच्या पट्ट्यातील मुलांना शिकवण्याचे भाग्य लाभले आणि त्या काळात माझ्या हातून झालेली एक चूक दुरुस्त करण्यास या स्मरणिकेसारखे दुसरे योग्य स्थळ नाही. माझे कित्येक विद्यार्थी आज याच ज्ञातीतील कर्ते गृहस्थ व गृहिणी आहेत आणि ही पाने त्यांच्या घरी जाणार आहेत. ज्यांना चुकीचे सांगितले त्यांनाच बरोबर सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

ती चूक अशी. शाळेच्या सहलीबरोबर मी अनेकदा वेरूळ, दौलताबाद व औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे गेलो. तेथील पाणचक्कीपुढे मुलांच्या रांगा उभ्या करून मी दरवर्षी मोठ्या आवाजात सांगत असे की, "ही चक्की मलिक अंबरने बांधली." मुले वहीत लिहून घेत. एका वर्षी वाडीत राहणाऱ्या एका कुटुंबातील सातवीतली मुलगी, दगडाखाली धावणारे पाणी बराच वेळ पाहून, मला म्हणाली, "गुरुजी, मग इथं कुणाची आई पहाटे दळायला उठत नसेल, नाही का?" मी "हो, हो" म्हणून पुढे चाललो. निवृत्तीनंतर जेव्हा गॅझेटियर व इतर ग्रंथ निवांतपणे वाचावयास मिळाले, तेव्हा ध्यानात आले की माझे विधानही चुकले होते आणि तिला दिलेले उत्तरही चुकले होते. त्या दोन्ही चुकांची ही दुरुस्ती.

जाते आणि रहाट

प्रथम आपल्या घरापासून आरंभ करू. आमच्या लहानपणी दळणाची गिरणी गावात आलेली होती. तिच्या डिझेल इंजिनाचा पुक-पुक असा आवाज दोन वाड्या ओलांडून ऐकू येई. तरीही आमच्या घरात जाते होते आणि गिरणी बंद पडली, पावसात वाट बुडाली किंवा हातात पैसे नसले की आई पुन्हा जात्यापाशी बसे. तांदळाच्या भाकरीचे पीठ, नाचणी, सणासुदीची डाळ, हे सारे त्या खुंट्याभोवती फिरत असे. आपल्या लग्नघरात हळदीचे दळण आजही जात्यावर होते, परंतु तो आता मंगलविधी झाला आहे. ज्या बायकांनी ते रोज पहाटे केले त्यांच्या लेखी तो विधी नव्हता, ते कष्ट होते. जनाबाईबरोबर साक्षात विठ्ठल दळू लागला ही कथा आपण कीर्तनात भक्तिभावाने ऐकतो. पण ज्या कामाला हात लावण्यासाठी देवाला यावे लागले, ते काम किती जड असेल याचा विचार आपण पुरुषमंडळी क्वचितच करतो.

या दळणानेच ओवी जगवली. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' हा संग्रह सिद्ध केला. पुढे हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा ठेवा थोर आहे यात शंका नाही. परंतु प्रत्येक ओवीमागे कुणाची तरी मोडलेली झोप आहे, हेही त्याबरोबर लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्या केळवे-माहीम, चिंचणी, तारापूर या किनाऱ्यावरील वाड्यांत दुसरे एक चक्र फिरत असे, ते म्हणजे रहाट. बैल किंवा रेडा गोल गोल फिरे, त्याबरोबर माळेतील गाडगी विहिरीत उतरत, भरून वर येत आणि पाटात रिकामी होत. पानवेलींना व केळींना मिळणारा प्रत्येक थेंब असा जनावराच्या पावलांनी वर चढलेला होता. म्हणजे आपल्याकडे जनावर चाक फिरवी आणि चाक पाणी वर आणी. पाणचक्कीत हीच गोष्ट अगदी उलटी घडली. तेथे पाणी खाली पडे, पाणी चाक फिरवी आणि चाक दळण दळी. आपल्याकडे अशी चक्की का झाली नाही, असे मुले विचारीत. माझ्या समजुतीने उत्तर सोपे आहे. चक्की फिरविण्यास पाणी उंचावरून आणि बारमाही पडावे लागते. आपली किनारपट्टी सपाट. आपल्या नद्या पावसाळ्यात दुथडी आणि वैशाखात क्षीण. शिवाय आपले मुख्य अन्न भात. त्याला जात्यापेक्षा उखळ-मुसळाचीच गरज अधिक.

खडकी नावाचे नवे नगर

आता पाणचक्की ज्या नगरीत आहे तिच्याकडे वळू. मलिक अंबर हा मूळचा हबसाणातील, म्हणजे आजच्या इथिओपियातील. बालपणी गुलाम म्हणून विकला गेला, अनेक हातांतून फिरत दख्खनेत आला आणि स्वपराक्रमाने अहमदनगरच्या निजामशाहीचा प्रधान झाला. त्याने १६१० साली खडकी या लहानशा वस्तीच्या ठिकाणी नवे नगर वसविले. नावाप्रमाणेच ही जागा खडकाळ. मोगलांशी त्याचे युद्ध अखंड चालू होते. १६१६ मध्ये व पुन्हा १६२१ मध्ये मोगल फौजांनी ही नगरी उद्ध्वस्त केली आणि दोन्ही वेळा ती पुन्हा उभी राहिली.

खडकाळ माळावर नगर वसवायचे तर पाणी कोठून आणावे, हा पहिला प्रश्न. मलिक अंबरने तो नहरीने सोडविला. नहर म्हणजे उघडा कालवा नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यात गोळा करावयाचे आणि केवळ उताराच्या आधाराने, कोठेही मोट वा रहाट न लावता, शहरापर्यंत आणावयाचे. वाटेत ठिकठिकाणी उभी भुयारे ठेवावयाची, म्हणजे हवा खेळते आणि गाळ काढण्यास माणूस आत उतरू शकतो. इराणात अशा भूमिगत प्रवाहांना कनात म्हणतात व तेथे ही विद्या फार प्राचीन आहे. मलिक अंबरने आणलेली ही नहर 'नहर-ए-अंबरी' या नावाने प्रसिद्ध झाली.

मलिक अंबर १६२६ साली मृत्यू पावला. त्याची कबर खुलताबादेत आहे. त्याचा पुत्र फतेहखान याने नगराचे नाव फतेहनगर ठेवले. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि निजामशाहीचा शेवट जवळ आला. १६५३ साली औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि नगराला औरंगाबाद हे नाव मिळाले. नावे बदलली, धनी बदलले, परंतु नहरीची युक्ती मात्र सर्वांनी पुढे चालविली. एका नहरीचे पाहून दुसरी, दुसरीचे पाहून तिसरी, अशा अनेक नहरी त्या शहराखाली तयार झाल्या. पाणचक्कीची नहर ही त्यांपैकीच एक. ती नहर-ए-अंबरी नव्हे. माझी चूक येथेच झाली. विद्या मलिक अंबरच्या काळात त्या भूमीत रुजली हे खरे, परंतु चक्की त्याची नव्हे. ती उभी राहिली तेव्हा त्याला जाऊन शंभरांवर वर्षे लोटली होती.

चक्की कोणी व कशासाठी बांधली

औरंगजेबाच्या उत्तरकाळात मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या प्रदेशातून, नक्शबंदी पंथाचे दोन साधुपुरुष दख्खनेत आले. गुरू बाबा पलंगपोश हे बहुधा फौजेबरोबर हिंडत. शिष्य बाबा शाह मुसाफिर हे औरंगाबादेत खाम नदीच्या काठी तकिया करून राहिले. तकिया म्हणजे फकिरांचा मठ. तेथे वाटसरू, फकीर, विद्यार्थी, दूरदेशीचे शिपाई यांना आसरा व अन्न मिळे. बाबा शाह मुसाफिर अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निवर्तले. त्यांच्यामागे शाह महमूद या शिष्याने तकियाचा कारभार पाहिला आणि त्यांच्याच काळात तेथील इमारती वाढल्या. शेजारच्या महमूद दरवाजाला त्यांचेच नाव आहे.

ज्या ठिकाणी रोज पंगती उठतात तेथे पिठाची गरज किती, हे आपल्या कार्यालयात शे-दोनशे पानांचे जेवण घातलेल्या गृहस्थांस सांगावयास नको. निजाम-उल्-मुल्क आसफजाहाच्या पदरी असलेला तुर्कताजखान या सरदाराने १७४४च्या सुमारास ही पाणचक्की बांधून दिली, असे गॅझेटियरवरून कळते. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी जमील बेगखान याने मशिदीपुढील लांबट हौद व कारंजी करविली. चक्कीवर फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी आणि ठाण्यातील शिपायांसाठीही दळण होत असे. तकियात ग्रंथसंग्रह होता. गुलाम अली आझाद बिलग्रामी यांच्यासारखे नामांकित पंडित तेथे वास्तव्य करून होते. अन्न आणि विद्या एकाच अंगणात मिळत होती, ही गोष्ट मला शिक्षक या नात्याने फार मोलाची वाटते.

कालगणना ध्यानात राहावी म्हणून आपल्या प्रांतातील एक खूण सांगतो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत प्रथम तारापूर व शेवटी वसई पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. त्यानंतर पाच-सहा वर्षांच्या आत तिकडे खामच्या काठी ही चक्की फिरू लागली. मलिक अंबर शिवपूर्वकालातला, पाणचक्की पेशवाईतली. एवढे लक्षात ठेवले म्हणजे माझ्यासारखी चूक होणार नाही.

यंत्राची रचना

शहराच्या उत्तरेकडील डोंगरातून, सुमारे ६ किलोमीटर अंतरावरून, चक्कीचे पाणी येते. अखेरच्या भागात ते खापरी नळांतून एका उंच भिंतीवर चढते आणि भिंतीवरून खाली कोसळते. पंपावाचून पाणी भिंतीवर कसे चढले, हे कोडे मुलांना फार आवडे. त्याचे उत्तर असे की पाणी आपली पातळी शोधते. उगम भिंतीच्या माथ्याहून उंच आहे. मधल्या नळात फट नसेल तर पाणी खाली उतरून पुन्हा जवळजवळ मूळच्या उंचीला चढते. सारे यश त्या 'फट नसेल तर' या तीन शब्दांत आहे. मातीचे शेकडो नळ एकाला एक जोडून, सांधे चुन्याने भरून, सहा किलोमीटर पाणी आणणे हे मोजमापाचे आणि मन लावून करण्याचे काम होते.

पडणारे पाणी चक्कीच्या खाली आडव्या बसविलेल्या चाकाच्या पात्यांवर आदळते. चाकाच्या मध्यातून उभा दांडा वर जातो आणि जात्याच्या वरच्या तळीला फिरवितो. खालची तळी स्थिर. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. मध्ये दातेरी चाके नाहीत, त्यामुळे बिघडण्यासारखे फार थोडे. आपल्या घरातील जात्याकडे पाहावे, खुंट्याच्या जागी दांडा आणि आईच्या हाताच्या जागी पाणी कल्पावे, की पाणचक्की समजली. जात्याप्रमाणेच तिच्याही दगडांना गुळगुळीत झाल्यावर टाकी लावावी लागे.

पाण्याचा उपयोग चक्कीपाशी संपत नाही. ते हौदात साठते. हौदाच्या तळाखाली खांबांच्या दुहेरी रांगांवर उभारलेले प्रशस्त दालन आहे. म्हणजे वरच्या पाण्याचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. मे महिन्याच्या उन्हात तेथे गारवा असतो. हौदातून वाहून गेलेले पाणी शेवटी खाम नदीला मिळे. एकाच पाण्याने दळण केले, स्नानास व वुजूस उपयोगी पडले, उन्हात गारवा दिला आणि मग नदीत गेले. काटकसर म्हणतात ती ही.

असे आडवे चाक जगात अन्यत्रही आहे. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांत ओढ्यांवर 'घराट' नावाच्या अशाच चक्क्या पिढ्यान्पिढ्या चालत आल्या आहेत. पाश्चात्त्य देशांत उभ्या चाकाच्या पाणचक्क्यांचे वर्णन रोमन स्थापती व्हिट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी केले आणि इंग्लंडात १०८६ साली झालेल्या मोजणीत साडेपाच हजारांहून अधिक पाणचक्क्यांची नोंद झाली. तेथे गावोगाव चक्की होती, मात्र पुष्कळ ठिकाणी ती जमीनदाराच्या मालकीची असे आणि प्रजेला तेथेच दळून त्याला दळणावळ द्यावी लागे. पाण्याने कष्ट वाचविले, परंतु वाचलेल्या कष्टांचे मोल कोणाच्या पदरात पडते हे चक्की कोणाची त्यावर ठरले. खामच्या काठची चक्की भुकेल्यांच्या पंगतीसाठी होती, हे तिचे मोठेपण.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येतो. "इथं कुणाची आई पहाटे दळायला उठत नसेल, नाही का?" याला मी "हो" म्हणालो होतो. खरे उत्तर "नाही, उठतच असे" हे आहे. चक्की एक, तीही तकियाची. त्या भोवती पसरलेल्या एवढ्या मोठ्या शहरात घरोघरी जातीच फिरत होती. महमूद दरवाजाच्या आत-बाहेर राहणारी बाई पहाटे चक्कीचे पाणी पडताना ऐकत असेल आणि आपल्या अंधाऱ्या पडवीत खुंटा धरून बसत असेल. युक्ती ठाऊक होती, यंत्र डोळ्यांसमोर फिरत होते, तरी ते घरातील बाईपर्यंत पोहोचण्यास तेलाचे इंजिन आणि त्यामागून वीज येईपर्यंत दोनशे वर्षे जावी लागली. पुरुषांना त्याची निकड भासली नाही, हेही त्यामागे एक कारण असावे. ज्याचा हात दुखत नाही त्याला चाक सुचत नाही.

हे मी इतरांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्या वाडीत पाण्यासाठी रहाटाला रेडा जुंपलेला होता आणि त्याच घरात जात्याला आई जुंपलेली होती. रेड्याला भर दुपारी सोडीत, वैरण घालीत. आईला कोण सोडीत होते, हे मला आठवत नाही.

दुरुस्ती थांबली की

पाणचक्कीची आजची अवस्था थोडक्यात सांगतो. वास्तू उभी आहे. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय त्याच परिसरात आहे आणि पर्यटक येतात. परंतु नहरींचे मार्ग नव्या वस्तीखाली गेले. कित्येक ठिकाणी ते फुटले, कोठे गाळाने भरले. उन्हाळ्यात भिंतीवरून पडणारी धार बारीक होते आणि कधी थांबते. शहराचे पिण्याचे पाणी आता सुमारे ५० किलोमीटरवरील पैठणच्या जायकवाडी धरणातून, विजेच्या पंपांनी चढवून आणावे लागते आणि तरीही नळाला रोज पाणी येत नाही. लाखोंच्या शहराला जुन्या नहरी पुरल्या असत्या असे मी म्हणत नाही. परंतु जे पाणी फुकट, आपल्या पायांनी चालत घरी येत होते, ते वाटेत हरवले, ही हानी खरीच.

ती कोणा शत्रूने केली नाही. खडकीला जाळणाऱ्या फौजांना जे साधले नाही ते दुर्लक्षाने साधले. भुयारात उतरून गाळ काढणारा माणूस एका वर्षी उतरला नाही, पुढच्या वर्षीही नाही, एवढेच घडले. तुर्कताजखानाचे नाव ग्रंथांत राहिले. नळ भाजणारे कुंभार, सांधे भरणारे गवंडी, पाती घडविणारे लोहार, दगडाला टाकी लावणारे पाथरवट यांची नावे राहिली नाहीत. चक्की फिरत होती ती मात्र त्यांच्यामुळे, आणि त्यांचे हात थांबले तेव्हा ती मंदावली.

आपल्या प्रांतातही हे पाहण्यासारखे आहे. रहाट गेले, पंप आले, ते योग्यच झाले. त्या जनावरांचे हाल संपले. पण रहाटाबरोबर विहिरीचा गाळ दरवर्षी उपसण्याची रीतही गेली, आणि वाडीतल्या जुन्या विहिरी कचऱ्याने भरू लागल्या. धामणीच्या धरणाचे सूर्या नदीचे पाणी आज नळांतून दूरदूरच्या शहरांना जाते. आपल्या अंगणातील विहिरीचे काय, हे पाहणे मात्र आपल्याच हाती आहे.

माझी संघास नम्र सूचना आहे. ज्या घरी जाते अजून आहे त्यांनी ते अंगणात पायरी म्हणून न घालता जपावे आणि ते ज्या आजीने ओढले तिचे नाव, गाव व तिला येत असलेल्या ओव्या लिहून ठेवाव्यात. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी असते, ती असावी. परंतु ज्यांनी दळले त्यांचीही एक यादी पुढील वर्षी छापली जावी. तिच्यात पहिले नाव कोणाच्या आईचे लागेल ते लागो, माझ्या आईचे नाव मी संपादकांकडे आजच देऊन ठेवतो.

आणि सहलीतील त्या मुलीस, जी आता स्वतः दोन मुलांची आई आहे, एवढेच सांगणे आहे की, बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता, गुरुजींचे उत्तर चुकले होते. पाणचक्की मलिक अंबरची नव्हे आणि तेथल्या आयाही पहाटे उठत होत्या. तुझ्या मुलांना हे बरोबर सांग.

अलम् विस्तरेण. ज्ञातिबांधवांचे कल्याण असो.